डोंगरावर शंख का सापडत नाहीत? गोव्याचा सह्याद्री, सोप्या भाषेत

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान काढायला आम्ही सत्तरीतल्या मूळ घरी जातो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली फळं, पानं, वेली बांधायच्या, कवंडळं, कांगल्यांचे घोस, शेरवडाची पांढरी पानं, जे त्या दिवसांत डोंगरावर असेल ते सगळं. तर यंदा भाची पण आली होती, नववीत आहे, पणजीत शाळा. डोंगर अर्धा चढून झाल्यावर ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "मामा, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे लोटला आणि गोवा वर आला ना, मग इथे शंख-शिंपले का नाही सापडत?"

आता यावर काय बोलणार. मी म्हटलं ती गोष्ट आहे गं, गोष्टीत असं असतं. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच, कारण प्रश्न चुकीचा नव्हता, माझं उत्तरच आळशी होतं. मग जे काही वाचलेलं, ऐकलेलं, लोकांना विचारलेलं होतं ते एकत्र करून हे लिहायला बसलो. मी भूशास्त्रज्ञ नाही हे आधीच सांगून ठेवतो, पण आमचे डोंगर आणि डोंगरांच्या गोष्टी मला एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मला वाटतं काढूही नयेत.

आधी गोष्टच नीट ऐकूया. परशुराम उभा कुठे होता? सह्याद्रीवर. तिथून बाण सोडला, समुद्राला सांगितलं मागे हो, बाण पडला तिथे बाणावली, सासष्टीतली. म्हणजे गोष्टीतसुद्धा डोंगर आधीपासून होताच की, समुद्रातून वर आली ती डोंगर आणि किनारा यांच्यामधली पट्टी. सह्याद्रीखंडात ही कथा येते आणि काणकोणात पैंगीणला परशुरामाचं देऊळ पण आहे. तेव्हा शंख शोधायचेच तर खाली सपाटीवर शोधायला हवेत, डोंगरावर नाही. याकडे शेवटी येतो.

मग डोंगर आले कुठून? इथे पहिला गोंधळ हा की आपण सह्याद्रीला डोंगररांग म्हणतो आणि डोळ्यासमोर हिमालयासारखं काहीतरी येतं, दोन्ही बाजूंनी चढ, मधे शिखर. पण तुम्ही बेळगावहून गोव्याला गाडीने आलात तर आठवून बघा, चढ कुठे लागतो? जवळजवळ नाहीच. खानापूरपर्यंत सपाट, मग रान सुरू होतं आणि एकदम घाट उतरायला लागतो. पणजीहून जाणाऱ्याला मात्र समोर भिंत दिसते. म्हणजे सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची कड आहे, तुटलेली कड. आपल्या जुन्या घरांचा सोपा कसा अंगणापेक्षा चार पायऱ्या उंच असतो, घरातून बाहेर येणाऱ्याला सोपा म्हणजे जमीनच, अंगणात उभ्या असलेल्याला मात्र तो उंचवटा दिसतो, तसंच. आपण गोवेकर अंगणात उभे आहोत.

ही कड तुटली कशी तर फार जुनी हकिकत आहे. भारताचा पश्चिम किनारा एकेकाळी मोकळा समुद्र बघतच नव्हता, बाजूला मादागास्कर चिकटलेलं होतं, ते साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलं. मग साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास दख्खनचे लाव्हा उसळले आणि त्याच सुमाराला सेशेल्सचा तुकडाही बाजूला झाला. जमीन फाटते तेव्हा फाटलेल्या बाजूची कड उचलली जाते, आणि त्या कडेवर पाऊस पडत राहतो, नद्या तिला कुरतडत राहतात, आणि ती कड हळूहळू मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकत जाते. आजही सरकतेय, फक्त आपल्याला दिसेल इतक्या वेगाने नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की रस्ता बंद म्हणून आपण वैतागतो, पण तो त्या सरकण्याचाच एक तुकडा असतो.

गंमत म्हणजे महाराष्ट्रातला सह्याद्री बघितलेल्याला वाटतं आमचाही काळ्या पाषाणाचा असेल. नाही. गोव्यात तो लाव्ह्याचा काळा दगड फक्त ईशान्य कोपऱ्यात, सुर्ला-चोर्ल्याच्या बाजूला आहे. बाकीचे डोंगर त्याच्याहून कितीतरी जुन्या खडकांचे. अनमोड घाटात रस्त्याच्या कडेला जो करडा पट्ट्यापट्ट्यांचा खडक दिसतो तो ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, भारतातल्या खूप जुन्या खडकांपैकी एक, आणि आपण तिथे गाडी थांबवतो ती माकडांना केळी घालायला (घालू नका, प्लीज). मधल्या पट्ट्यात, डिचोलीपासून सांग्यापर्यंत, लोखंडाचे थर असलेले खडक आहेत, ज्यांच्यामुळे आमच्याकडे खाणी आल्या, डोंगर गेले, आणि काही घरांवर दुसरा मजला चढला. त्यावर आत्ता नाही बोलत, बोलायला लागलो तर लेख तिथेच संपेल.

आकडे थोडक्यात. पूर्ण सह्याद्री साधारण १६०० किलोमीटर लांब, गुजरातच्या सीमेपासून खाली तमिळनाडूच्या टोकापर्यंत, त्यातला गोव्याच्या वाट्याला आलेला तुकडा तसा छोटा, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या पूर्व बाजूला. सगळ्यात उंच सोसोगड, हजार मीटरच्या थोडं वर. रान मात्र भरपूर आहे. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर, मोलेंचं भगवान महावीर २४०, नेत्रावळी २११, खोतीगाव ८६, आणि छोटं बोंडला ८. म्हणजे ३७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात पाचातला एक भाग अभयारण्य. यातली म्हादई आणि नेत्रावळी १९९९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल होते जनरल जेकब. निवडून आलेलं सरकार असतं तर झालं असतं का, हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टेबलावर अजून निघतो. आणि एक, २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, महाराष्ट्र सगळ्यांच्या आहेत, गोव्याची एकही नाही. हे मला प्रत्येक वेळी लिहिताना टोचतं.

आता पाऊस, कारण इथून पुढे देव यायला लागतात.

अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेला वारा येतो आणि या भिंतीला आपटतो. पुढे जाता येत नाही म्हणून वर चढतो, वर थंडी, थंड हवेत बाष्प मावत नाही म्हणून ते खाली पडतं. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, वाळपईला ४००० च्या वर, आणि घाट ओलांडून धारवाडला जा, हजाराच्या खाली. मधे अंतर किती, दोन-तीन तासांचं. माझा एक धारवाडचा मित्र जूनमध्ये वाळपईला आला होता, तिसऱ्या दिवशी विचारतो, हे बंद कसं करतात?

इतका पाऊस लाखो वर्षं एका खडकावर पडत राहिला की काय होतं? खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन जातात, उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं, लाल होतं. तोच आपला जांभा, आमच्याकडे चिरे म्हणतात ते. जमिनीत असतो तेव्हा मऊ, कुऱ्हाडीने कापता येतो, हवेवर आला की कडक होत जातो. म्हणून तर आमची घरं चिऱ्याची, आणि हरवळ्याची लेणी पण जांभ्यात कोरलेली, जिथे पांडव वनवासात राहिले असं सगळे सांगतात. कुशावतीच्या काठावर पणसायमळला हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बैल, हरणं आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं चित्र कोरून ठेवलंय ते पण याच जांभ्यावर.

डोंगराच्या माथ्यावर हा जांभा सपाट पसरतो त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात बघितलं तर तव्यासारखा, गवताची काडी नाही, म्हणून सरकारी कागदावर पडीक जमीन. सड्याला पडीक म्हणणाऱ्या माणसाला एकदा जुलैमध्ये तिथे उभं करावं, पाय ठेवायला जागा नसते इतकी बारीक फुलं. पण खरी गोष्ट खाली चालू असते. जांभा म्हणजे भोकांभोकांचा दगड, स्पंजसारखा. पाऊस त्यात जिरतो, खाली खाली जातो आणि मग चिकणमातीचा थर लागला की पाण्याला पुढे वाट नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून कुठेतरी बाहेर येतं. ती झर. झरीच्या खाली माणसाने कुळागर केलं, माडी (सुपारीची झाडं), केळी, मिरी, जायफळ, सगळं एकमेकांच्या सावलीत, आणि पाटाचं पाणी या झाडापासून त्या झाडाकडे. एप्रिलमध्ये आमच्या कुळागरात जे पाणी येतं ते गेल्या वर्षीच्या पावसाचं आहे, सड्याने जपून ठेवलेलं. सडा खणला की खाली कुळागर सुकतं, हे सांगायला आमच्या आजोबांना कुठल्या रिपोर्टची गरज नव्हती.

आणि याच डोंगरउतारावर, झाडाच्या बुंध्याशी, तुम्हाला रोण दिसते. मराठीत वारूळ. आमच्याकडे गावोगाव सातेरीचं देऊळ आहे, आणि अनेक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नसते, असते ती रोण, माणसाएवढी सुद्धा, तिला साडी नेसवलेली, वर मुखवटा. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आधी कळतच नाही आपण कशाच्या पाया पडतोय. सातेरी म्हणजे भूमी, जमीन स्वतःच. लहानपणी रोणीवर काठी मारली म्हणून मी आजीची मार खाल्लीय, "तिका हात लावचो न्हय," एवढंच म्हणाली, कारण नाही सांगितलं.

कारण मला बरंच नंतर कळलं, म्हणजे मी माझ्यापुरतं लावलं. रोण बांधते ती वाळवी, मुंगी नव्हे. वाळवीचं अंग नाजूक, कोरड्या हवेत ती मरते, म्हणून तिला कायम ओलावा लागतो, आणि ती खालची ओली बारीक माती तोंडात धरून कण कण वर आणते. डोंगरावरच्या जांभ्याच्या नापीक दगडगोट्यात ही रोणीची माती म्हणजे लोणी. शिवाय जिथे मोठी रोण आहे तिथे खाली पाणी असेल हा अंदाज विहिरी खणणारे जुने लोक बांधायचे, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक अख्खा अध्याय आहे त्यात झाडाजवळचं वारूळ ही पाण्याची खूण म्हणून पुन्हा पुन्हा येते. दर वेळी खरं निघतं असं नाही, पण लोकांनी काहीतरी बघूनच ते लिहिलं.

अजून पुढे. पावसाच्या सुरवातीला, पहिल्या सरी आणि मग थोडं ऊन असं झालं की रोणीवर अळमी, म्हणजे रानटी अळंबी, येतात. गोव्यात राहणाऱ्याला मी अळमी समजावून सांगणार नाही, रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकायला ठेवलेली दिसली की आमच्याकडे ब्रेक आपोआप लागतो आणि किंमत ऐकून परत सुटतो. पण ही अळमी रोणीवरच का येतात? कारण वाळवी आत शेती करते. खरंच. ती पालापाचोळा, लाकूड आणून आत त्याचा लगदा करते आणि त्यावर बुरशी वाढवते, ती बुरशी खाते. तिचं हे शेत हजारो खोल्यांच्या घरात, हवा खेळती ठेवून. वर्षातून एकदा ती बुरशी बाहेर डोकं काढते, ते अळमं. ही बुरशी वाळवीशिवाय वाढत नाही, आजवर माणसाला ती बटन मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता आलेली नाही. तेव्हा सांगा, जी ओली माती वर आणते, पाण्याची खूण देते, पावसाच्या तोंडावर, घरातलं भात संपत आलेलं असताना जेवण देते, आणि जिच्या भोकात नाग राहतो, तिला लोकांनी आई म्हटलं तर त्यात नवल काय. माझं मत विचाराल तर सातेरी हा इथल्या मातीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अचूक अभ्यास आहे. हे कोणाला जास्त वाटेल, वाटू दे.

असंच राईचं. देवाच्या नावाने राखलेलं रान, महाराष्ट्रात देवराई म्हणतात, आमच्याकडे नुसती राय. केरीला आजोबाची राय, सत्तरीतच बांबरला निरंकाराची राय. नियम साधे, काडी मोडायची नाही, चपला घालून आत जायचं नाही, पडलेलं लाकूड पण उचलायचं नाही. निरंकाराच्या राईत गेलात तर पायाखाली चिखल आणि चिखलातून गुडघ्यांसारखी वाकलेली मुळं वर आलेली दिसतात. ही जंगली जायफळाच्या जातीची झाडं, दलदलीत वाढणारी. चिखलात हवा नसते म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. अशा दलदली पूर्ण पश्चिम घाटात आता अगदी मोजक्या उरल्यात, कारण बारमाही पाण्याची सपाट जागा दिसली की माणूस तिथे भात लावतो नाहीतर कुळागर करतो. जगातल्या फुलझाडांच्या अगदी जुन्या कुळांपैकी हे एक कुळ, आणि ते बांबरला वाचलं ते निरंकाराच्या धाकाने. वनखातं तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

राईत आणि घाटात देव सोडून अजून एकजण असतो, राखणदार. कोणी देवचार म्हणतं. रात्री खांद्यावर कांबळ, हातात काठी, पायात वाहणा घालून आपल्या हद्दीत फिरतो, वाट चुकलेल्याला रस्त्यावर आणून सोडतो, हद्द पाळली नाही तर फिरवत ठेवतो. त्याला वाहणा वाहतात कारण चालून चालून झिजतात म्हणे. म्हापशाच्या बोडगेश्वराला सुद्धा वाहणा देतात, ते पण याच नात्याने. माझे काका शपथेवर सांगायचे की त्यांना एकदा घाटात कोणीतरी विडी मागितली आणि विडी पेटल्यावर दिसलं की माणूस नाहीच. काकांनी त्या दिवशी विडीशिवाय काय काय घेतलं होतं हे काकी सांगायची. पण हद्द कुठली, तर नीट बघा, राखणदाराची हद्द बहुतेक वेळा व्हाळ, कडा, खिंड, मोठं झाड अशीच असते. तलाठ्याच्या नकाशाआधी गावाचा नकाशा तो चालून दाखवत होता.

वाघाचं मात्र लिहिताना हात जड होतो. सांगे, काणकोण, सत्तरी, सगळीकडे वाघ्रो देव आहे, वाघ कोरलेले दगड आहेत, सत्तरीत वाघेरी नावाचा आख्खा डोंगर आहे. वाघाचं नाव घ्यायचं नाही, त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारायची, असं जुनी माणसं पाळायची. आणि मग जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, वाघीण आणि तिची पोरं, विषाने. गुरं मारली होती त्यांनी, ज्याची म्हैस जाते त्याचा राग मला कळतो, नुकसानभरपाईचा कागद किती दिवस फिरतो ते पण माहीत आहे. तरीही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या रानाला व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. गावागावात दोन तट आहेत, आमच्या घरात पण आहेत.

घाटवाटांचं पटकन सांगतो. कड तुटलेली असली की वर जायला ठराविकच खिंडी मिळतात. किनाऱ्यावरचं मीठ वर जायचं, वरचं धान्य खाली यायचं, बैलांच्या पाठीवर. जिथे मालाची वाट तिथे चोर, आणि जिथे चोर तिथे संशय. सत्तरीत झर्म्याला शिगम्यात चोरोत्सव होतो, त्यात माणसांना जमिनीत पुरल्यासारखं करून दाखवतात, कोणाचं फक्त डोकं वर, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सांगतात की गावाने एकदा परगावच्या पोरांना चोर समजून मारलं, नंतर कळलं चोर नव्हते, त्याचं हे प्रायश्चित्त. व्यापारी वाटेवरच्या गावाला अशी गोष्ट असणं मला साहजिक वाटतं. आणि याच खिंडींमुळे, याच रानामुळे सत्तरीच्या राणे घराण्याला पोर्तुगीजांशी इतकी वर्षं झुंजता आलं, १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले, १८९५ मध्ये दादा राणे. सपाटीवर ते जमलं नसतं.

चोरीवरून आठवलं, नद्या पण चोरी करतात. भूगोलाच्या पुस्तकात नदीचौर्य असा शब्द आहे. सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला पडणारा ओढा आपल्या मागच्या बाजूला कडा कुरतडत जातो, आणि कुरतडत कुरतडत पलीकडच्या पठारावरच्या नदीपर्यंत पोचला तर तिचं पाणी आपल्याकडे वळवतो. उतार जास्त असलेला जिंकतो. म्हणूनच सगळीकडे सरळ हिशोब चालत नाही की कड्याच्या अलीकडचं पाणी कोकणाचं, पलीकडचं देशाचं.

म्हादईचा सगळा वाद यात आहे, आणि टीव्हीवर कोणी हे सांगतच नाही. म्हादई उगम पावते कर्नाटकात, खानापूर तालुक्यात देगावजवळ, म्हणजे कड्याच्या वर, पठारावर. तिथून भीमगडच्या रानातून येते आणि मग सत्तरीत उतरते, पुढे मांडवी होते. नदी वाहते पश्चिमेकडे, पण तिचं डोकं पूर्वेला. कर्नाटक म्हणतं पाऊस आमच्या जमिनीवर पडतो, थोडं पाणी मलप्रभेत वळवू दे, तहानलेली गावं आहेत. आपण म्हणतो नदी खाली येणार आहे, आमची आई आहे. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. निवाड्यावर कोणीच खूश नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. पण लक्षात घ्या, हा वाद नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी जेवढा केला तेवढाच त्या कुरतडणाऱ्या ओढ्यांनी.

दूधसागराची राजकन्येची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तळ्यात अंघोळ झाल्यावर सोन्याच्या सुरईतून दूध प्यायची, राजपुत्राने बघितलं म्हणून लाजेने दूध ओतून आडोसा केला वगैरे. मला ही गोष्ट टुरिस्ट बसमध्येच जास्त भेटते, गावात कमी. धबधबा ३१० मीटरचा, टप्प्याटप्प्याने उतरणारा, कठीण खडकावर पाणी आपटून फेस होतो म्हणून पांढरा. बस, एवढंच.

त्यापेक्षा केप्यातला चंद्रनाथाचा डोंगर बघा. पारोड्याला, सपाटीत एकटाच उभा, कारण तो ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकाचा, भोवतालची माती-दगड धुऊन गेले आणि हा राहिला. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, आणि सांगतात की पौर्णिमेचं चांदणं लिंगावर पडलं की त्याला पाझर फुटतो. मी पौर्णिमेला गेलेलो नाही. पण निरभ्र रात्री उघडा दगड भराभर थंड होतो आणि दमट हवेत थंड दगडाला घाम येतो, एवढं आपण घरातल्या फरशीवर पण बघतो. खाली चांदरला भोजांची राजधानी होती, चंद्रपूर. राजधानीच्या लोकांना रोज हाच डोंगर दिसत असणार.

आता शंख. शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, जगाचं पाणी बर्फात अडकलेलं, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली. किनारा आजच्या मिरामारपासून कित्येक किलोमीटर पश्चिमेला. मग बर्फ वितळला, समुद्र वर वर आला आणि नद्यांच्या खोऱ्यांत घुसला. म्हणून आपल्या मांडवी-जुवारीची तोंडं एवढी रुंद, आणि म्हणून भरतीचा परिणाम मांडवीत थेट गांजेंपर्यंत, म्हणजे समुद्रापासून ५० एक किलोमीटर आत जाणवतो. म्हणजे समुद्र मागे गेला नाही, उलट आत आला. मग परशुरामाची गोष्ट खोटी? मला नाही वाटत, कारण आत आलेल्या त्या समुद्राला इथल्या माणसांनी खरोखर मागे लोटलं. मातीचे बांध घातले, मानशी बसवल्या, म्हणजे भरतीला आपोआप बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी लाकडी दारं, आणि खारं पाणी बाहेर ठेवून आत भात पिकवलं. खाजन शेती. गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर जमीन अशी मिळवलेली आहे. बाणाच्या जागी कुदळ होती एवढंच, आणि एका ऋषीच्या जागी पिढ्यानपिढ्या राबणारे गावकर.

भाचीचे वडील चोडणचे, मांडवीतल्या बेटावरचे, खाजनांच्या गावातले. तिकडच्या घरी गेल्या उन्हाळ्यात शेताच्या कडेला खड्डा खणला होता, काळा चिखल निघाला तो अजून बांधावर पडून आहे. दिवाळीत तिला म्हटलं, जा, तो चिखल धुऊन बघ. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, तळहातावर तीन शिंपले आणि एक मोडका शंख, खाली लिहिलं होतं, "मामा, आता हे माटोळीला बांधलेले चालतात काय?"